जॉनी रमोनचा उजवा हात : सहाव्या आठवड्याची नोंद

रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक बँडला मानवंदना म्हणून इतर कलाकारांनी त्याची गाणी गाऊन २००३ साली काढलेला ‘वुई आर अ हॅपी फॅमिली’ हा अल्बम समोर ठेवून त्यातील गाणी घरी गिटारवर बसवायची आणि ध्वनिमुद्रित करायची, असे मी ठरवले होते. चार गाणी झाली. पाचवे, म्हणजे ‘ब्लिट्झक्रीग बॉप’, अजून मनासारखे उतरत नाही.

कॉर्ड सोपे आहेत. खरी कसोटी उजव्या हाताची आहे. रमोन्सचा गिटारवादक जॉनी रमोन सगळे काही डाउनस्ट्रोकनेच, म्हणजे तारांवर फक्त वरून खाली प्रहार करून, वाजवत असे. ताल मोजणारा मेट्रोनोम मिनिटाला १५० ठोक्यांवर असताना माझा हात गाणे शेवटपर्यंत निभावतो. १७० वर नेला, की दुसऱ्या कडव्याच्या सुमारास कोपराखालचे स्नायू दगडासारखे घट्ट होतात, पिक (तारा छेडण्याची चपटी पट्टी) वर येताना नकळत तारांना घासते आणि तेवढाच एक ठोका पातळ ऐकू येतो. पिकचे टोक जेमतेम बाहेर ठेवून ते सैल धरल्यापासून आणि हालचाल मनगटातून करू लागल्यापासून बराच फरक पडला आहे. रमोन्सच्या मूळ १९७६ च्या अल्बममध्ये बास डावीकडे आणि गिटार उजवीकडे असल्यामुळे मी केवळ उजव्या कानात इअरफोन घालून सराव करतो. तसे ऐकले की जॉनीचा एकेक ठोका सुटा कळतो. नवशिक्यांनी हे अवश्य करून पाहावे.

मानवंदनेतील ‘फिफ्टी थर्ड अँड थर्ड’ मेटॅलिका या हेवी मेटल बँडने वाजवले आहे, आणि त्यांचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड स्वतः डाउनस्ट्रोकचा पक्का वादक असल्यामुळे तेथे जॉनीचा हात जड होऊन परत भेटतो. प्रिटेंडर्स या रॉक बँडने मात्र आपले गाणे संथ करून तो हात बाजूलाच ठेवला आहे, आणि मला तेही तितकेच प्रामाणिक वाटते. या अल्बमसाठी गायक-गीतकार टॉम वेट्सची झालेली निवड विशेष भावते, कारण १९९५ च्या आपल्या अखेरच्या स्टुडिओ अल्बममध्ये रमोन्सनीही त्याचे गाणे गायले होते.

या अल्बमच्या निर्मितीत रॉक गायक रॉब झॉम्बीबरोबर जॉनी स्वतः होता. बँडचा गायक जोई २००१ मध्ये आणि बासवादक डी डी २००२ मध्ये वारल्यानंतर आपल्या बँडची गाणी इतरांच्या हातून ऐकताना त्याला काय वाटले असेल, हा विचार सराव करताना माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या आठवड्यात मेट्रोनोम १६० वर ठेवून, मध्ये न थांबता, सलग तीन टेक घेणार आहे.