जास्त रनिंगसाठी गाडी निवडताना अ‍ॅव्हरेजचा हिशोब कसा लावला: माझा अनुभव

माझं रनिंग वर्षाला साधारण ४०,००० किलोमीटर. त्यातलं ३०,००० हायवेवर आणि १०,००० शहरात. गाडी बघायला जाण्याआधी हे दोन आकडे पक्के केले, कारण पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा राहतो. वर्षाचं रनिंग काढणं सोपं आहे: जुन्या गाडीच्या सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटर आणि तारीख दोन्ही असतात. हायवे आणि शहर यांची वाटणी मात्र अंदाजाने धरू नये. लांबचे प्रवास लक्षात राहतात, रोजची फेरी राहत नाही, त्यामुळे अंदाजात हायवे जास्तच धरला जातो. शहराच्या हद्दीवर ट्रिप मीटरचा आकडा टिपून ठेवला की काही आठवड्यांत खरं प्रमाण हाती येतं.

त्यानंतर किलोमीटर प्रति लिटर हे माप बाजूला ठेवून सगळं १०० किलोमीटरला किती लिटर या मापात मांडलं. अ‍ॅव्हरेजचा आकडा तुलना करताना फसवतो. १० ची गाडी सोडून १२ ची घेतली, तर ३०,००० किलोमीटरला ३,००० ऐवजी २,५०० लिटर लागतात, म्हणजे ५०० लिटर वाचले. २० वरून २२ वर गेलो तर १,५०० चे साधारण १,३६४ होतात, बचत फक्त १३६ लिटर. कागदावर दोन्हीकडे ‘दोनने जास्त’ दिसतं, खिशात मात्र जवळपास चौपट फरक पडतो. म्हणून आधीच २० च्या पुढे असलेल्या दोन गाड्यांमध्ये एक-दोन किलोमीटरसाठी जीव काढू नये. १२ च्या आसपासची गाडी मनात असेल, तर तिथे एकेका किलोमीटरसाठी भांडावं.

दोन प्रकारच्या रस्त्यांची सरासरी काढतानाही हाच नियम. समजा एक डिझेल सेडान हायवेला २३ आणि शहरात १५ देते. माझ्या वाटणीने सरळ गुणाकार केला तर २१ चं अ‍ॅव्हरेज येतं आणि वर्षाला १,९०५ लिटर लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात ३०,००० ला २३ ने भागून १,३०४ आणि १०,००० ला १५ ने भागून ६६७, मिळून १,९७१ लिटर लागतात. बेरीज लिटरची करायची, अ‍ॅव्हरेजची नाही.

कंपनीचा छापील आकडा वाचताना तो कोणत्या चाचणीतून आला हे आधी पाहिलं. युरोपातल्या जुन्या एनईडीसी चाचणीत सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास होता आणि १२० चा वेग अगदी थोडा वेळ गाठला जायचा. तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी चाचणी २३ किलोमीटरांहून थोडी जास्त आहे, अर्ध्या तासाची, सरासरी वेग साधारण ४६ आणि कमाल १३१. तिच्यात वेगानुसार चार टप्पे असतात आणि काही कंपन्या चारही टप्प्यांचे आकडे वेगळे देतात. हायवेवाल्याने सर्वांत वेगवान टप्प्याचा आकडा शोधावा. एकत्रित आकड्यात तो बुडून जातो. अमेरिकेतली पर्यावरण संस्था ईपीए शहर आणि हायवेचे आकडे वेगळे छापते, ते माझ्या हिशोबाला जास्त सोयीचे वाटले. एका चाचणीतला आकडा दुसऱ्या चाचणीतल्या आकड्याशी कधीच ताडू नये.

हायवेवर इंधन मुख्यतः हवा कापण्यात जातं, आणि हे मी आकड्यांत मांडून पाहिलं. १,४०० किलोची सेडान, हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.२८, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर. ताशी १०० ला हवेचा विरोध साधारण २८५ न्यूटन आणि टायरचा सुमारे १३७. म्हणजे दोन तृतीयांश जोर एकट्या हवेशी झगडण्यात जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १२० ला तो ४१० वर जातो आणि एकूण विरोध ३० टक्के वाढतो. आता उंच एसयूव्ही घेऊ: गुणांक ०.३५, क्षेत्रफळ २.७, वजन १,६०० किलो. ताशी १०० ला तिचा एकूण विरोध ५९० न्यूटनच्या पुढे जातो, सेडानपेक्षा जवळपास ४० टक्के जास्त. इंजिन तेच असलं तरी हा फरक कोणतंही तंत्रज्ञान पुसू शकत नाही. हायवेचं रनिंग जास्त असेल तर गाडीची उंची आणि रुंदी हा इंधनाचाच प्रश्न आहे, असं माझं ठाम मत आहे. टपावरचं कॅरिअर हा त्याचाच पुढचा भाग; रिकामं असलं तरी ते हवा अडवतं.

टायरचा आकारही व्हेरिएंट ठरवताना पाहिला. त्याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला बहुतेक वेळा मोठी चाकं आणि रुंद टायर असतात. ते जड असतात आणि त्यांचा विरोध जास्त असतो. खालच्या व्हेरिएंटची छोटी चाकं जास्त रनिंगला बरी, शिवाय टायर बदलताना ती स्वस्तही पडतात.

इंधनाच्या प्रकारांत सीएनजी आणि प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज करायची, मोठ्या बॅटरीची) लवकर गळाले. सीएनजी किलोवर मिळतो, त्याची लिटरशी थेट तुलना होत नाही, आणि एका भरण्यात मिळणारं अंतर माझ्या टप्प्यांना कमी पडतं. प्लग-इनची बॅटरी संपली की उरलेल्या हायवेवर तिचं वजनच वाहायचं. पूर्ण इलेक्ट्रिकचा खर्च किलोवॉट-तासांत मांडावा लागतो आणि वेगाचा वर्ग तिथेही चुकत नाही. एकसारख्या वेगात ब्रेकच लागत नाही, मग ब्रेक लावताना बॅटरीत परत जाणारी ऊर्जा मिळायची कुठून?

उरले तीन: टर्बो पेट्रोल एसयूव्ही, साधी (बाहेरून चार्ज न करायची) हायब्रिड हॅचबॅक आणि डिझेल सेडान. पेट्रोल एसयूव्हीला हायवेला १५ आणि शहरात १० धरले तर वर्षाला ३,००० लिटर. हायब्रिडला २० आणि २२ धरले तर १,५०० अधिक ४५५, म्हणजे १,९५५. डिझेलचे १,९७१ वर आलेच आहेत. हायब्रिड आणि डिझेल यांच्यात निकाल लागेना, तेव्हा वाटणी हलवून पाहिली. हायवे ९० टक्के केला तर डिझेल साधारण १५० लिटरने पुढे जातं. अर्धं-अर्धं केलं तर हायब्रिड जवळपास ३०० लिटरने. सुरुवातीला हायवे-शहर नीट मोजायला सांगितलं ते याचसाठी.

डिझेलच्या लिटरची पेट्रोलच्या लिटरशी बरोबरी करताना एक गोष्ट ध्यानात ठेवली. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १२-१३ टक्के जास्त ऊर्जा असते, म्हणून चांगल्या अ‍ॅव्हरेजचा काही भाग इंजिनाचा नसून इंधनाचा असतो. खर्च काढताना दोन्हींचा आपापला भाव लावावा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर उलटा परिणाम होतो. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे १० टक्के मिश्रणाला तीन-साडेतीन टक्के जास्त इंधन लागतं. आपल्याकडे मिळणारं मिश्रण आणि चाचणीतलं इंधन एकच आहे का, हे विचारून घ्यावं.

छापील आकड्यांवर थांबायचं नव्हतं. शोरूमच्या छोट्या फेरीत अ‍ॅव्हरेज मोजता येत नाही, पण एक गोष्ट नक्की बघता येते: ताशी १०० ला टॉप गिअरमध्ये इंजिन किती आरपीएमवर चालतं. डिझेल दोन हजारांच्या आसपास आणि पेट्रोल अडीच हजारांच्या आसपास असेल तर गिअरिंग लांब आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. पेट्रोल तीन हजारांच्या बरंच वर गेलं तर हायवेला इंधन आणि आवाज दोन्ही वाढणार. हा १०० स्पीडोमीटरवरचा धरू नये. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवायची मात्र त्याला मुभा असते, आणि प्रत्येक गाडीत ती वेगळी असते. फोनच्या जीपीएसवर १०० बघून मगच दोन गाड्या ताडाव्यात.

खरी मोजणी भाड्याच्या गाडीवर केली: तेच मॉडेल, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, आपलाच रस्ता. आधी थंड टायरमध्ये दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरली. पंपावर नोझल हळू धरून टाकी भरली आणि पहिल्यांदा नोझल कट झालं तिथेच थांबलो. डिझेल जोरात सोडलं की फेस येतो आणि नोझल लवकर कट होतं, म्हणून वेग कमीच ठेवायचा. पेट्रोलला वरून ठासून भरलं तर ते बाष्प शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरपर्यंत जाऊन तो खराब करू शकतं. ट्रिप मीटर शून्य केला. परत भरताना तोच पंप, तेच नोझल, गाडी त्याच दिशेने उभी, कारण जमिनीच्या उतारानेही टाकीत थोडं कमी-जास्त बसतं. एक लिटरची चूक २० लिटरवर पाच टक्के होते आणि ४० लिटरवर अडीच, त्यामुळे टाकी बरीच रिकामी झाल्यावरच भरावी. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा थोडा चांगला असतो. तो गाडीच्या सवयी समजायला ठीक, निर्णयाला नाही.

किमतीचा फरकही लिटरमध्येच मांडला, म्हणजे भाव बदलला तरी विचार तोच राहतो. पेट्रोल एसयूव्हीपेक्षा हायब्रिड २,५०० लिटर पेट्रोलच्या किमतीइतकी महाग पडत असेल आणि वर्षाला १,०४५ लिटर वाचत असतील, तर साधारण २.४ वर्षांत, म्हणजे ९६,००० किलोमीटरला पैसे वसूल. हेच रनिंग वर्षाला १०,००० असतं तर साडेनऊ वर्षं लागली असती.

डिझेल आणि हायब्रिड लिटरमध्ये बरोबरीत असल्याने शेवटी देखभालीने निकाल दिला. डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहते आणि फिल्टर भरत जातो. त्यात ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी चाक), इंजेक्टर आणि टर्बो हे महाग भाग, काही गाड्यांत धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावणही भरावं लागतं. गिअरच्या संचावर चालणाऱ्या हायब्रिडमध्ये घासणारा क्लच नसतो आणि ब्रेक पॅड जास्त टिकतात. बॅटरीची वॉरंटी मात्र किलोमीटरमध्ये वाचली: आठ वर्षं किंवा १,६०,००० असेल, तर माझ्या रनिंगला ती चार वर्षांतच संपते. सर्व्हिस दर १०,००० ला की १५,००० ला, हेही इथे वर्षाला चार की तीन खेपा एवढं ठरवतं.

हायब्रिड घेतली. पहिल्या काही टाक्यांचे १०० किलोमीटरचे लिटर लिहून ठेवले आहेत आणि तीच आता मोजपट्टी. त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत खप आठ-दहा टक्क्यांनी वाढला, तर आधी टायरची हवा बघतो, मग प्रवासानंतर एखादी रिम इतरांपेक्षा जास्त तापली आहे का ते. असेल तर ब्रेक चिकटतोय. इंजिन पुरेसं तापतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकल्याची शंका. एअर फिल्टरला सगळे आधी दोष देतात, पण इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात तो मळल्याने पिकअप घटतो, अ‍ॅव्हरेज फारसं नाही.