सावंतवाडी रोडला उतरताना

नावात सावंतवाडी असली तरी स्टेशन मळगावात आहे. शहर काही किलोमीटर लांब. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवा. दादरहून येणारी तुतारी एक्सप्रेस इथंच संपते, त्यामुळे उतरायची घाई नको. कोकणकन्या मात्र पुढं मडगावला जाते, तेव्हा सामान आधीच दाराशी आणा.

गाडी मध्येच का थांबते? रोहा-वीर टप्पा सोडला तर कोकण रेल्वेचा मार्ग बहुतेक एकेरी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. समोरची गाडी येईतो आपली लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर उभी. एक लेट झाली की हे क्रॉसिंग, म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडणं, पुढच्या स्टेशनावर सरकतं आणि मागच्या सगळ्या रखडतात. पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं. मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरवर येतो. जुन्या तिकिटावरची वेळ धरून निघालात तर फसाल! गणपतीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी आठच्या ठोक्याला बसा.