बँक चौसष्ट लाख देत होती, भाडं सतरा लाख फेडत होतं

शनिवारी सकाळी ते दोघं आले तेव्हा टोकनचा चेक लिहून तयार होता, फक्त तारीख टाकायची राहिली होती. पुण्यात खराडीतला रिसेलचा टू बीएचके, किंमत 80 लाख. नवरा-बायको दोघंही नोकरीत, राहत्या घराचं कर्ज फिटलेलं, हाताशी 24 लाख. एजंटही सोबतच होता. ‘मॅडम, घरात भाडेकरू आहे. म्हणजे रजिस्ट्री झाली की दुसऱ्या दिवसापासून 25 हजार सुरू!’ माझ्याकडे काम एवढंच होतं, बँकेची फाइल लावायची.

साहेबांनी हिशेब मोबाइलवर करून आणला होता. कर्ज 64 लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता 55,540. त्यातून भाडं 25 हजार वजा. खिशातून महिना तीस हजार, आणि वीस वर्षांनी घर आपलं. मी फाइल बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला.

पहिली चूक बारा महिन्यांची. भाडं अकराच महिन्यांचं धरायचं. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत रंग, प्लंबिंग, घर दाखवणं यात महिना जातोच. म्हणजे वर्षाला 2,75,000. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, तो मालकाच्याच माथी: 42,000. घर भाड्यानं दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मालमत्ता कर त्या सेवाशुल्कात धरायचा नसतो. इथे महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे 3,600. (काही सोसायट्या सरसकट हजार-दोन हजार लावतात. बिलाची फोड मागितली की बहुतेक वेळा आकडा गुपचूप खाली येतो.) दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू धरला तर एक महिन्याची दलाली, वर्षाला 12,500. गीझर, नळ, रंग मिळून 15,000.

मग मालमत्ता कर. विकणाऱ्यानं दिलेलं बिल पंधरा हजारांचं होतं, आणि ते मी दोनदा पाहिलं. पुणे महापालिकेच्या हद्दीत मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत 40 टक्के सवलत मिळते. ही सवलत 1970 पासूनची. मधे बंद झाली होती, 2023 मध्ये पुन्हा लागू झाली, आणि तिच्यासाठी पीटी-3 अर्ज भरतात. घर भाड्यानं दिलं की सवलत जाते. इथे भाडेकरू आत राहतोय आणि बिल मात्र सवलतीचं! पूर्ण दरानं तेच बिल 25 हजारांच्या घरात जातं. शिवाय पालिकेनं मागचा फरक काढला तर थकबाकीचा बोजा मिळकतीवर असतो, विकून गेलेल्या माणसावर नाही. म्हणजे त्यानं वाचवलेले पैसे उद्या यांनी भरायचे.

बेरीज-वजाबाकी केली. हातात उरतात 1,76,900, म्हणजे महिन्याला पावणेपंधरा हजारांच्या आतच. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे हे घर स्वतःच्या भाड्यात 17 लाखांचं कर्ज फेडू शकतं. बँक देत होती 64. बँक तुमचा पगार बघून देते, त्या घराची कमाई बघून नाही, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या डोक्यातच येत नाही. खिशातून जाणार होते 40,800. तीस हजार नव्हे.

‘पण टॅक्स वाचेल ना?’ त्यांनी विचारलं. नव्या कररचनेत भाड्यातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्याच्या तीस टक्के ठोक वजावट मिळते, मग कर्जाचं व्याज. इथे 2,75,000 मधून 25,000 गेले, अडीच लाखांच्या तीस टक्के गेले, उरले 1,75,000. पहिल्या वर्षाचं व्याजच 5,39,000. म्हणजे भाड्यावर कर शून्य, पण साडेतीन लाखांच्या वरचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या रचनेत दोन लाखांपर्यंत होतो, पण तिथे परत जाऊन या दोघांचं इतर नुकसान जास्त होतं. मेंटेनन्स, रंग, दलाली यांची वेगळी वजावट कुठेच नाही, ती त्या तीस टक्क्यांत आली.

शिवाय बँक किमतीच्या टक्क्यांवर कर्ज देते, मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. स्वतःचे 16 लाख, पुणे शहरात सात टक्क्यांनी 5,60,000, नोंदणी फी 30,000, दलाली 80,000. 22 लाख 70 हजार इथेच संपले. चोवीसमधल्या उरलेल्या 1 लाख 30 हजारांत ट्रॉली, ग्रिल आणि दोन महिन्यांचा हप्ता?

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी चेक पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, ‘भाडेकरूचा करार बघायचाय का तुम्हाला? एजंटनं दिलाय.’

पाचशेचा स्टँप पेपर, मागे नोटरीचा लाल शिक्का, चार पानं. मुदत ऑगस्टमध्ये संपलेली, आणि आम्ही बसलो होतो डिसेंबरात. नोंदणीचा पत्ता नाही. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे एजंटनं ठणकावून सांगितलं, आणि हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची ती जुनी सवय आहे. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 मुदत विचारत नाही. लीव्ह अँड लायसन्स (घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचा करार) लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जड गोष्ट म्हणजे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात.

दुपारी चौघं घरी गेलो. दार एका बाईंनी उघडलं, हातात नववीचं भूमितीचं पुस्तक. घर स्वच्छ, भाडं वेळेवर, तक्रार शून्य. सहज विचारलं, कधीपर्यंत राहणार? त्या म्हणाल्या, ‘मालकांनी सांगितलंय ना, मुलाची दहावी होईपर्यंत राहा म्हणून. म्हणजे अजून सव्वा वर्ष.’ एजंट खिडकीबाहेर बघू लागला. बाई खोटं बोलत नव्हत्या. मालक तसं बोललाही असेल. पण कागद नसताना हे वाक्यच करार. उद्या नव्या मालकाला घर स्वतःसाठी हवं झालं, किंवा भाडं वाढवायचं झालं, तर तो भांडणार कशाच्या जोरावर?

नोंदणीकृत करार असता तर चित्र वेगळं होतं. कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, करारात काय लिहिलंय ते वादाच्या पलीकडे असतं, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. एवढ्या संरक्षणाचा खर्च किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, यांच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. 25 हजार भाडं, लाखभर डिपॉझिट, अकरा महिने, तर सातशे-आठशे रुपये. शहरात नोंदणी फी 1,000. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होतं. सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास.

डिपॉझिटचा मुद्दा कुणी काढलाच नव्हता. बाईंचे एक लाख विकणाऱ्याकडे होते. रजिस्ट्रीनंतर त्या मागणार नव्या मालकाकडे. भाडेकरूसकट घर घेताना तेवढी रक्कम किमतीतून कापून घ्यायची, तसं खरेदीखतात लिहायचं, आणि इंडेक्स टू (खरेदी नोंदवल्याचा सरकारी उतारा) हातात आला की नव्या मालकाच्या नावानं नवा करार नोंदवायचा. नाहीतर दुसरा रस्ता: विकणाऱ्यानं डिपॉझिट परत देऊन घर रिकामं करायचं आणि त्या तारखेआधी खरेदीखतावर सही करायची नाही. मी दोन्ही एजंटला लिहून दिले. संध्याकाळी विकणाऱ्याचा फोन: ‘एवढी कटकट असेल तर दुसरं गिऱ्हाईक आहे माझ्याकडे.’

टोकन दिलं गेलं नाही. साहेब माझ्यावर थोडे नाराजच होते. खराडी हातची गेली असं त्यांना वाटत राहिलं, आणि भाव वाढणारच नाहीत असं मी त्यांना म्हटलंही नव्हतं. भाव वाढेपर्यंत महिना एक्केचाळीस हजार घालत राहायची तयारी आहे का, एवढंच विचारलं होतं.

मार्चमध्ये वहिनी एकट्या आल्या. हडपसरला वन बीएचके, 41 लाख. एकट्या त्यांच्या नावावर, म्हणून मुद्रांक शुल्क एक टक्का कमी. कर्ज 20 लाख, हप्ता 17,356, पैसे त्यांच्याच खात्यातून, नाहीतर भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं गेलं असतं. वहीतून एक पान फाडून त्यांनी टेबलावर ठेवलं. भाडं सोळा हजार, गुणिले अकरा. खाली एकेक खर्च. खिशातून महिना साडेसात हजार. मालमत्ता करासमोर कंसात लिहिलं होतं: ‘बिल 8,400 दाखवतात, 14,000 धरलेत. पीटी-3 कुणी भरला विचारायचं.’