न्यूपोर्ट जाझ फेस्टिव्हल : चित्र मिळतं, आवाजाचं काय?

'जाझ ऑन अ समर्स डे' बघून कॅमेरा उचलणाऱ्यांना आधीच सांगतो, त्या डॉक्युमेंटरीतलं मैदान तुम्हाला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या या न्यूपोर्ट फेस्टिव्हलमध्ये दिसणार नाही. बर्ट स्टर्नने १९५८ साली शूट केलं ते गावातल्या फ्रीबॉडी पार्कात. १९८१ पासून फेस्टिव्हलचा मुक्काम फोर्ट अ‍ॅडम्सवर, बंदराच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्याच्या आवारात. 'अगदी तस्सेच शॉट मिळतील' असं मला छातीठोकपणे सांगणारे गृहस्थ तिथे कधी गेलेच नव्हते, हे नंतर कळलं.

खरा वैरी वारा. जेवणवेळ टळली की नैर्ऋत्येकडून जो सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. एक आजोबा खुर्चीची घडी घालता घालता सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबद्दल इतकं सुरेख बोलले की मी हरखून गेलो. हेडफोनमध्ये मात्र नुसती फडफड आणि मागे कुणाचा तरी ड्रम सोलो. माइकवरचं फोमचं टोपडं तिथे शून्य कामाचं. केसाळ कव्हर हवंच, लेपल माइक (कॉलरला लावायचा छोटा माइक) शर्टाच्या आत चिकटवा, आणि मुलाखती सकाळीच उरका. फेस्टिव्हलच्या रंगमंचांपैकी क्वाड स्टेज तटबंदीच्या आत आहे, तिथे वारा अडतो.

दुसरा गैरसमज पासचा. गळ्यात शूटिंगचा पास आला म्हणजे गाणं फिल्ममध्ये वापरता येतं, असं अजिबात नाही. कलाकाराची परवानगी वेगळी, रचनेच्या हक्कांची वेगळी. स्टर्नकडे संगीताची बाजू बघायला जॉर्ज अवाकियनसारखा मुरलेला रेकॉर्ड निर्माता होता. आपल्याकडे कोण? हे पत्रव्यवहार महिनोन्‌महिने आधी करा, नाहीतर श्रोत्यांवर फिल्म करा. तीही वाईट होत नाही. बंदरात नांगर टाकून फुकट ऐकणारी बोटवाली मंडळी हाच माझा सगळ्यात चांगला ऐवज.

किल्ल्यावर गाडीने जाऊ नका. एकच रस्ता, परतताना मुंगीच्या पावलांनी. गावातल्या पेरोटी पार्कच्या धक्क्यावरून लाँच घ्या. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन रांगेत उभं राहावं लागतं, पण बसायला मिळतं.

राहायला शेजारचं मिडलटाउन बघा. न्यूपोर्टात माझ्याकडून खोलीचे दुप्पट घेतले, पार्किंगचे वर आणखी, आणि 'सी व्ह्यू' म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी करून दिसणारी निळी पट्टी. बुकिंग करताना फोटो मागवा, खोलीच्या नंबरासकट.