ट्रे पुढे कुणाच्या हातात जातो

कोविडमुळे बंद असलेलं आमचं दंतमहाविद्यालय 2020 च्या अखेरीस पुन्हा सुरू झालं. शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या हाती रुग्ण सोपवण्याआधी त्यांची तयारी बघायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या दिवशी मी वीस प्रश्नांचा पेपर घेतला आणि मुलांनी तो झटपट सोडवला. एन-95 मास्क 0.3 मायक्रॉनचे किमान 95 टक्के कण अडवतो, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हला 121 अंश तापमान आणि 15 पौंड दाब लागतो, साबणाने हात 40 ते 60 सेकंद धुवायचे, पीपीई उतरवताना मास्क सगळ्यात शेवटी. सगळं बरोबर. घरी बसलेल्या त्या महिन्यांत मुलांनी मन लावून अभ्यास केला होता. त्यांना भीतीही वाटत होती आणि ती खरी होती. रुग्णाच्या उघड्या तोंडापासून आमचा चेहरा जेमतेम दोन वितींवर असतो, आणि दातांवरचा थर काढायचा अल्ट्रासॉनिक स्केलर लाळेचे, रक्ताचे बारीक तुषार हवेत उडवत राहतो.

दुसऱ्या दिवशी फँटम लॅबमध्ये, म्हणजे कृत्रिम डोक्यांवर सराव करतो त्या खोलीत, मी स्केलरच्या पाण्याच्या बाटलीत फ्लुरेसिन मिसळलं. डोळे तपासताना वापरतात तोच हा रंग. निळ्या प्रकाशात तो हिरवा-पिवळा चमकतो, आणि निळा प्रकाश तर आमच्या हाताशीच असतो: फिलिंग कडक करायचं क्युअरिंग लाइट. नारिंगी चष्म्यातून पाहिलं की झालं.

दोघादोघांच्या जोड्यांनी स्केलिंग केलं. मग दिवे मालवले. फेस शील्डवर ठिपके होते, तसेच फँटमच्या छातीवर, गाउनच्या मनगटापाशी, चेअरच्या दिव्याच्या मुठीवर. असिस्ट करणाऱ्या मुलीचा खांदा चमकत होता. एका मुलाच्या खिशातलं पेन चमकलं, तेव्हा तो बराच वेळ त्या पेनाकडे बघत राहिला. ग्लोव्हज न बदलता त्याच पेनाने त्याने केसपेपर लिहिला होता. हे सगळं मला अपेक्षित होतं, ते दिसावं म्हणूनच हा खटाटोप होता.

तेवढ्यात ट्रे न्यायला मावशी आत आल्या. पहिल्या फेरीचे ट्रे त्या आधीच धुवायला घेऊन गेल्या होत्या. एका मुलीने क्युअरिंग लाइट हातात असतानाच मान वळवली आणि ती थबकली. मावशींच्या ग्लोव्हजच्या वरचा उघडा हात कोपरापर्यंत चमकत होता. एप्रनची कड चमकत होती. कपाळावर एक लांब पट्टा होता. काम करताना घाम पुसायला त्यांनी हात वर नेला असणार.

कुणी काही बोलेना. मावशींनीच विचारलं, "काय झालं, मॅडम?"

मी त्यांना त्यांचा हात दाखवला. हातात तपासणीचे पातळ ग्लोव्हज होते. हत्यारं धुणाऱ्याला जाड, कोपराकडे जाणारे रबरी ग्लोव्हज लागतात, शिवाय डोळ्यांना चष्मा आणि पाणी न झिरपणारा एप्रन. हे मला पुरतं ठाऊक होतं. त्यांना ते मिळालेत का, हे मात्र मी कधी बघितलं नव्हतं. मग मी त्यांना विचारलं, ट्रे रिकामा कसा करता? त्या म्हणाल्या, "ओल्या कापसाखाली टोकदार काय पडलंय ते दिसत नाही. शोधायला हात घालावाच लागतो."

मुलांनी ट्रे कसे सोडले होते ते मग आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. रंगाने भिजलेला गॉज, त्याखाली क्युरेट, एक्सप्लोरर ही टोकदार हत्यारं, सगळं एकत्र. खऱ्या क्लिनिकमध्ये त्यातच सुईही असते.

घरी आल्यावर मी तो पेपर पुन्हा काढला. वीसच्या वीस प्रश्न मुलांनी स्वतःला कसं जपायचं किंवा समोरच्या रुग्णाला कसं जपायचं याबद्दल होते. आपलं काम संपल्यावर ट्रे उचलणाऱ्या माणसाबद्दल एकही नव्हता. दातांचं अल्जिनेटच्या मऊ लगद्यात घेतलेलं माप न धुता, निर्जंतुक न करता लॅबमध्ये गेलं, तर ते हातात घेणाऱ्या टेक्निशियनबद्दलही नाही. त्या मुलांची जागरूकता कमी आहे असं मी म्हणणार नाही. मी जेवढं विचारलं, तेवढं त्यांनी शिकून घेतलं होतं.

जाड ग्लोव्हजची मागणी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच स्टोअरमध्ये नेली. ते यायला आठवडा लागला. तोवर आम्ही एक नियम केला: टोकदार हत्यारं आणि सुया ज्याने वापरल्या त्यानेच चेअरपाशी वेगळ्या काढायच्या. सुई कडक डब्यात, गॉज कचऱ्यात आणि बाकीची हत्यारं झाकणाच्या पेटीत. पेटी उघडी सोडून कुणी जायचं नाही.

क्लिनिक सुरू झालं त्या पहिल्या दिवशी, ज्याचं पेन चमकलं होतं तो मुलगा जेवायची वेळ झाली तरी चेअरपाशी उभा होता. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मावशी येईपर्यंत थांबतोय. एक एक्सप्लोरर वाकलाय, तो पेटीत कुठल्या बाजूला आहे ते त्यांना सांगायचंय."