यंदाही चांदणी लागली

रविवार, १४ डिसेंबर

आज मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिसरी मेणबत्ती लावली. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चार रविवारांच्या चार मेणबत्त्या, त्यांत तीन जांभळ्या आणि ही एक गुलाबी. जांभळा रंग पश्चात्तापाचा, वाट पाहण्याचा. गुलाबी आनंदाची. लहानपणापासून ती बघत आले, पण ती तिसरी का, शेवटची का नाही, हे मनात यंदा पहिल्यांदा आलं. आनंदानं खरं तर सगळं पार पडल्यावर यायला हवं. चर्चनं तो मध्येच ठेवलाय, वाट पाहणं संपायच्या आधी, पुढचा एक जांभळा आठवडा अजून शिल्लक असताना. उपासनाभर माझं लक्ष त्या ज्योतीकडेच होतं.

यंदा हे सुचायला कारण आहे. दादा, म्हणजे माझे सासरे, गणपतीच्या दिवसांत गेले. आमच्या घराचा बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या, तरी माणसं आम्ही इथल्याच मातीची. घरात कुणी गेलं की वर्षाच्या आत सण करत नाहीत, दुःखाच्या घरी कढई चढत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळाचं आणून द्यायचं, हे आमच्याही अंगवळणी पडलेलं आहे. म्हणून दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नेहमीपेक्षा मोठा डबा पाठवला होता. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "वहिनी, यंदा तुमचा नाताळ नसेल ना?"

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "नसेल कसा? नाताळ काय आमच्या घरचा वाढदिवस आहे का? जन्म प्रभूचा झाला. आमच्या घरातलं माणूस गेलं म्हणून तो झालेला जन्म काही मागे फिरत नाही."

काकूंना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी आईंचा हात हातात घेतला.

घरात मात्र यावर एकमत नव्हतं. ह्यांचं म्हणणं, चर्चला जाऊ, प्रार्थना करू, पण फराळ, चांदणी, रोषणाई नको. ह्यांचं दुःख मला कळतं. दरवर्षी बांबूच्या काड्या तासून, पतंगी कागद चिकटवून दारावरची चांदणी दादा स्वतः करायचे. तरी मी आईंच्या बाजूनं बोलले. पहिला नाताळ तरी कुठं सुखाच्या घरात झाला? सरकारी शिरगणतीचं फर्मान निघालेलं, दिवस भरलेली बाई नासरेथहून बेथलेहेमपर्यंतच्या वाटेवर, उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळ गव्हाणीत. पुढं हेरोद राजाच्या तलवारीमुळं रातोरात मिसरात पळून जाणं, आणि मागं बेथलेहेमात लेकरं मारली गेलेल्या आयांचा आक्रोश. शास्त्रानं यातलं काहीच झाकलेलं नाही. रडणं संपल्यावरच आनंद करायचा असता, तर ही गोष्ट कुणाला सांगताच आली नसती.

हे काही बोलले नाहीत. रात्री पाहिलं तर गॅलरीत बसून धाकट्याला काड्या कशा तासायच्या ते दाखवत होते.

शनिवार, २० डिसेंबर

थंडी चांगलीच पडलीय. निफाडचा पारा रोज पेपरात येतो, आणि आमच्याकडंही सकाळी नळाच्या पाण्यात हात घालवत नाही.

सकाळी नानकटाई करून आणली. घरून तूप, मैदा, रवा, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं, तिथं त्यांच्याकडून मळून घ्यायचं, आणि भट्टीतून पत्रे बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. बाजारात तयार मिळते, पण ती वेगळी आणि ही वेगळी. बाकावर शेजारी लेकीच्या पहिल्या नाताळासाठी नानकटाई न्यायला आलेल्या आजी होत्या. त्यांनी "जय ख्रिस्त" म्हणत जागा करून दिली, आणि भट्टी तापेपर्यंत कोणाचं तूप किती कढवलेलं यावर आमची छान चर्चा झाली.

दुपारी आईंनी स्वतः कढई चढवली. आम्ही कुणी काही बोललो नाही. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि पहिली करंजी तेलात सोडली. मग शंकरपाळे, चकल्या, आणि दादांना आवडायचा म्हणून पातळ पोह्यांचा चिवडा जरा जास्तच. करंज्यांच्या कडा कातताना त्या एकदा रडल्या. पदरानं डोळे पुसले आणि पुढची करंजी कातली. आम्ही दोघी बोलत राहिलो, दादांविषयीच.

गव्हाणी मुलांनी मांडली. धाकट्यानं विचारलं, बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात कुठं लिहिलेत? थोरलीनं सगळा दुसरा अध्याय वाचून काढला. खरंच नाहीत! पुढची हकीकत मी सांगितली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो नावाच्या गावी संत फ्रान्सिसनं खरी गव्हाणी, खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून लोकांना नाताळ दाखवला. पुस्तकातलं कानांनी ऐकलेलं लोकांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. घरोघरच्या गव्हाणीला तिथून बळ मिळालं. बाळाला बघायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक, तीन होते असंही शास्त्र सांगत नाही, दानं तेवढी तीन सांगितलीत. मुलांना हे ऐकून इतका आनंद झाला की आता मातीचा चौथा मागी करायचा चाललंय. करू देत.

मेंढपाळांचं मात्र मला वेगळंच लिहायचंय. काल सिन्नरकडं माहेरी गेले होते. परतताना रस्त्याकडेच्या रानात धनगरांचा वाडा उतरलेला दिसला. उन्हाळ कांद्याच्या लागणीआधी शेतकरी रानात मेंढ्या बसवतात, लेंडीखतासाठी. घोड्यांवरून उतरवलेलं बिऱ्हाड, जाळीच्या आत मेंढ्या, तीन दगडांची चूल, आणि घोंगडी पांघरलेली एक म्हातारी कोकराला मांडीवर घेऊन बसलेली. मी ह्यांना गाडी थांबवायला लावली. आईनं दिलेले लाडू होते, ते त्यांना दिले. त्यांनी चहा केल्याशिवाय सोडलं नाही, कोरा, गुळाचा. म्हातारीनं विचारलं, "कसला सण तुमचा?" मी म्हटलं, "आमच्या देवाचा जन्म, आज्जी. आणि ती बातमी आधी तुमच्यासारख्यांना कळली होती, रात्री रानात मेंढ्या राखत होते त्यांना." ती म्हणाली, "मग बरूबरच हाय. रातीला जागं आमीच असतो."

घरी येईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मंडळीत इतकी प्रवचनं ऐकलीत, पण देवदूत त्या रानातच का गेला, याचं इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

मंगळवार, २३ डिसेंबर

काल रात्री तरुण संघाची मुलं घरोघर गाणी म्हणत आमच्याकडं आली. पेटी, ढोलकी, टाळ, एक गिटार आणि टोपी सारखी डोळ्यांवर येणारा बारका नाताळबाबा. आईंचे गुडघे दुखतात, म्हणून मध्यरात्रीच्या उपासनेला त्यांना यंदा जमणार नाही. तेव्हा त्यांचा नाताळ जणू कालच दारात आला. मुलांनी दोन इंग्रजी गाणी म्हटली, ती छानच झाली. मग आई म्हणाल्या, आता टिळकांचं भजन म्हणा.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आमच्यावर किती ऋण आहे हे अशा वेळी कळतं. त्यांचं काही शिक्षण आमच्या नाशकातलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर अक्षरशः दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्या जलालपूरच्या. त्यांनी किती सोसलं, आणि पुढं १९०० साली स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पावलांनी त्या ख्रिस्ताकडं आल्या. टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचीच वाणी परत दिली. अभंग, ओवी, कीर्तन, टाळ यांतलं काहीही टाकून न देता प्रभूपाशी जाता येतं, हे त्यांनी गाऊन दाखवलं. काल टाळ वाजायला लागले आणि आई खुर्चीतच ताल धरून म्हणू लागल्या, तेव्हा पेटी कुणाची होती? दादांची. संघाच्या पेटीचा एक सूर अडकत होता, म्हणून ह्यांनी आतून ती काढून आणली, धूळ पुसली आणि स्वतःच वाजवायला बसले.

मुलं पुढं शरणपूर रोडनं निघाली, त्यांच्याबरोबर थोरलीही गेली. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या किती जणांना ठाऊक असेल की या रस्त्याला नाव देणारी शरणपूरची वसाहत मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली उभी केली? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं आणली गेली. आईबापांपासून तुटलेली, कुठल्या देशातून कुठल्या देशात आलेली ती लेकरं इथं सुतारकाम, लोहारकाम आणि लिहायवाचायला शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढं आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांत होता. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारला, तेव्हा त्याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळीही होता. शरणपूरचे बरेच जण नंतर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउनला जाऊन वसले.

मी थोरलीला निघताना हे सांगितलं. त्या आफ्रिकन मुलांनीही इथल्याच थंडीत नाताळ केले असतील. ज्यांचं सगळं हिरावून घेतलं होतं त्यांनी. तिनं विचारलं, "त्यांना आनंद झाला असेल, आई?" मी म्हटलं, झाला असेल, असं मला मनापासून वाटतं. घर आठवून रडूही आलं असेल. दोन्ही एकाच रात्री.

गुरुवार, २५ डिसेंबर, रात्री

नाताळ! हात दुखताहेत, पाय दुखताहेत, आणि मन भरून आलंय.

काल रात्रीच्या उपासनेला आम्ही चौघं गेलो. चर्चबाहेर तोंडातून वाफा निघत होत्या, आत बसायला जागा नव्हती, तरुण मुलं भिंतीला टेकून उभी होती. अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, हा यशयाचा उतारा वाचला गेला. मग पाळकसाहेबांनी लूकमधून जन्माची हकीकत वाचली. पवित्र सहभागितेच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, वेळी गुडघे टेकले, तेव्हा मला दादांची आठवण आली, आणि ती बोचली नाही. पवित्रजनांच्या सहभागितेवर मी विश्वास ठेवते असं आम्ही दर रविवारी म्हणतो, म्हणजे जिवंत आणि गेलेले सगळे विश्वासणारे प्रभूत एक आहेत. काल त्यातला 'मी' मला माझा वाटला. दादा त्याच प्रभूपाशी आहेत, ज्याच्या मेजापाशी मी आहे.

घंटा वाजली आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. ह्यांच्याशी हात मिळवायला दादांचे इतके दोस्त आले की आम्हाला बाहेर पडायला बराच वेळ लागला. घरी आलो तर आई जाग्याच होत्या, चहा टाकून बसलेल्या. आम्हाला आधी त्यांनी शुभेच्छा दिल्या.

सकाळी फुलं घेऊन दफनभूमीत गेलो. आईंनाही नेलं, खुर्ची गाडीत घालून. कबरीवर शेवंती वाहिली, मेणबत्ती लावली, आणि तिथंच उभं राहून एक नाताळगीत म्हटलं. शेजारच्या कबरीपाशी आलेलं एक कुटुंब आमच्या गाण्यात येऊन मिळालं. लोकांना हे विचित्र वाटेल का? मला ते नाताळचं अगदी गाभ्यातलं काम वाटतं. जो जन्मला त्याच्या पुनरुत्थानावर आमची आशा आहे, तर जन्माचं गाणं कबरीपाशी म्हणायचं नाही तर कुठं?

दुपारी पुण्याहून दीर-जाऊबाई आले. काळ्या मसाल्याचा मटणाचा रस्सा, भाकरी, भात, आणि मनुका घालून केलेला केक. जेवणावर प्रार्थना यंदा ह्यांनी केली. दरवर्षी दादा करायचे, लांबलचक, रस्सा निवेपर्यंत. ह्यांचीही तेवढीच लांबली, आणि कुणीही घाई केली नाही.

संध्याकाळी डबे वाटले. काकूंचा दिवाळीचा मोठा डबा आमच्याकडंच होता. रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून नाताळापर्यंत थांबवून ठेवला होता. करंज्या, चकल्या, नानकटाई, वर केकचा तुकडा. आई स्वतः जिना चढून गेल्या. काकू म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या दारातली चांदणी पाहिली आणि बरं वाटलं बघा." मग दोघी बसल्या त्या बसल्याच. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला बरोबर जायचंही ठरवून टाकलं. काकू दरवर्षी जातात, हे मला आजच कळलं.

आता ३१ तारखेच्या रात्रीची उपासना. त्या रात्री मंडळीतलं कुणीही उभं राहून सरलेल्या वर्षाबद्दल उपकारस्तुती करू शकतं. आई म्हणतात, कसंही करून मला न्या, मी दादांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानणार आहे. त्यासाठी थोरलीला वही घेऊन समोर बसवलंय. आई सांगताहेत, ती लिहितेय. दोन पानं भरलीत, आणि दादांचं अजून लग्नही झालेलं नाही.