तुम्ही विचारलेत म्हणून : हा आक्रोश मी का ऐकतो

‘ही किंचाळी तुला ऐकवते तरी कशी?’ हा प्रश्न मला घरात, जळगावच्या कार्यालयात आणि लग्नाच्या मांडवातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याजवळ बहुधा उत्तरही तयार असते : याच्या मनात राग साठला असेल, तो असा बाहेर पडत असेल. हे उत्तर मला मान्य नाही, आणि दर वेळी हसून विषय बदलण्याचाही आता कंटाळा आला आहे.

प्रश्न असतो तो ‘कन्व्हर्ज’ या अमेरिकी बँडच्या २००१ सालच्या ‘जेन डो’ या अल्बमविषयी. हार्डकोर म्हणजे पंकमधून निघालेले वेगवान, आक्रमक संगीत आणि मेटल म्हणजे जड गिटारींचे रॉक. हार्डकोरचा त्वेष आणि मेटलचे वजन त्यात एकत्र आले आहे. गायक जेकब बॅनन ज्या आवाजात गातो त्यातले शब्द छापील मजकूर समोर असल्याशिवाय कळत नाहीत. विशीत असताना मी सांगत असे की शब्दांना महत्त्वच नाही, महत्त्व आहे ते वादनाला : बेन कोलरचे ड्रम ऐका, कर्ट बॅलूची गिटार ऐका, त्या गोंगाटामागची शिस्त पाहा. विशीतला तो मी खोटे बोलत नव्हतो. पंचेचाळीस मिनिटांत बारा गाणी कशी रचली आहेत हे आजही मी कोणालाही तासभर समजावून सांगू शकतो. पण कौशल्याची बाजू घेतली की स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही, आणि त्या विशीतल्या मुलाला ते सोयीचे होते. शब्दांबाबत तर त्याचे-माझे अजून जमत नाही. एक नाते तुटल्याची ती वेदना आहे हे मजकूर वाचून कळल्यावर मला तो आवाज अधिक जवळचा झाला. त्याच्या मते मात्र ते न वाचताही कळत होते.

माझे खरे उत्तर सुरू होते ते बागेत. आमची केळीची बाग जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात आहे. एका वर्षी मृगबाग, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली बाग, निसवून (घड बाहेर पडून) घड भरत आले होते आणि कापणी तोंडावर होती. जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी वादळ उठले. केळीच्या खोडात लाकूड नसते. पानांच्या देठांची सोपटे एकावर एक बसून ते उभे असते, आणि वर भरल्या घडाचे ओझे असले की जोराच्या वाऱ्यात मधूनच मोडते. सकाळी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागोमाग मी बागेत गेलो तेव्हा ओळीच्या ओळी एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या, घड चिखलात होते आणि ठिबकच्या नळ्या त्यांच्याखाली दबल्या होत्या. अण्णांनी वाकून एक फणी हातात घेतली, केळे अंगठ्याने दाबून पाहिले आणि ‘भरली होती,’ एवढेच म्हणाले.

पंचनामा झाला. दिवसभर गावातली माणसे दुखवट्याला यावीत तशी ओट्यावर येत राहिली. ‘धीर धरा अण्णा, होईल सगळं नीट,’ असे प्रत्येक जण म्हणत होता. ती सारी आपुलकीची माणसे होती, कित्येकांच्या स्वतःच्या बागाही पडल्या होत्या, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलीही तक्रार नाही. तरीही मला दिसत होते ते असे की अण्णा प्रत्येकाला चहा विचारत होते, मान डोलावत होते, ‘हो, होईल की,’ असे म्हणून येणाऱ्याचेच समाधान करून त्याला वाटेला लावत होते. ज्याचे वर्ष मातीत गेले होते त्यालाच दिवसभर शहाण्यासारखे वागावे लागत होते. मीही तसाच वागलो. मोठा मुलगा म्हणून माझ्याकडून तीच अपेक्षा होती.

रात्री वीज नव्हती. मोबाइलमध्ये उरलेल्या चार्जिंगवर मी गच्चीत तो अल्बम पहिल्यापासून लावला. पहिले गाणे दीड मिनिटाच्या आत संपते, आणि त्यात प्रस्तावना अशी नाहीच. आवाज थेट फुटलेला असतो. पुढे एक संथ, जड गाणे येते आणि त्याच्या पाठोपाठ पाऊण मिनिटही न टिकणारे दुसरे, जणू थांबणे परवडणारच नाही. शेवटचे शीर्षकगीत मात्र अकरा मिनिटांहून लांब आहे. ते घाई करत नाही आणि वाढत जाते, पण कोणत्याही टप्प्यावर सांगत नाही की आता बरे वाटेल. दिवसभरात मला भेटलेला तो पहिला आवाज होता ज्याने माझ्याकडे धीर मागितला नाही.

म्हणून ‘राग बाहेर पडतो’ हे मला पटत नाही. त्या रात्री माझ्यातून काहीही बाहेर पडले नाही. मी मोकळा झालो नाही, मला झोपही लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाग तशीच पडलेली होती. अमेरिकेतल्या एका तरुणाचा प्रेमभंग आणि अण्णांचे बुडालेले वर्ष मी एका मापाने मोजतो आहे की काय, याची मला तेव्हा शरम वाटली आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. पण दुःख मोजण्यासाठी मी ते ऐकत नव्हतो. कोणीतरी दुःख लपवले नाही, त्याला गोडही केले नाही, आणि तरीही इतक्या काटेकोरपणे रचले की ते पुन्हा पुन्हा ऐकता यावे, एवढेच मला हवे होते. भजनाने शांती मिळते असे आई म्हणते, आणि तिला ती मिळते हे मी रोज पाहतो. मला त्या रात्री शांती नको होती.

माझ्या धाकट्या बहिणीचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला सर्वांत अवघड जातो. तिने अल्बम दोनदा नीट ऐकला, मजकूर वाचला आणि विचारले, ‘दादा, यात ती कुठे आहे?’ मुखपृष्ठावर एका स्त्रीचा चेहरा आहे. बॅनननेच तो घडवला आहे. पण जेन डो हे अमेरिकेत ओळख न पटलेल्या स्त्रीला कागदोपत्री दिले जाणारे नाव. म्हणजे जिच्यासाठी हा सारा आक्रोश चालला आहे तिला ना स्वतःचे नाव, ना आवाज. मी म्हणालो की तुटलेला माणूस स्वतःच्याच बाजूने ओरडणार, न्यायनिवाडा करायला तो बसलेला नाही. तिने उत्तर दिले की त्या दिवशी ओट्यावर सगळे अण्णांना धीर देत होते, आईला कोणी काहीच विचारले नाही, आणि गच्चीवर मी जे ऐकत होतो त्यातही आईसाठी जागा नव्हती. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. अल्बम मी अजूनही ऐकतो, आणि तिच्याशी हा वाद अजून चालू आहे.